सातबाऱ्यावरचं रान

संगमेश्वर तालुक्यात आमच्या घराण्याच्या नावावर डोंगराचा एक तुकडा आहे. वरकस जमीन. तिथे भात होत नाही, आणि नाचणी-वरी करणारे हात आजोबांच्या पिढीबरोबर संपले. सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत आणि कोणाचा हिस्सा नेमका कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. काही वर्षांपूर्वी गावाहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, व्यापारी आलाय. वरच्या रानाचा उक्ता सौदा करतोय. तुझी सही लागेल." मी पुण्यात, ऑफिसातून निघायच्या गडबडीत होतो. मोबाइलवर आलेला कागद छापला, सही केली, कुरिअरने पाठवला. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील. माझ्या वाट्याला आलेल्या पैशांत पुण्यातल्या घराचं महिन्याचं भाडंही निघालं नसतं.

पुढच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा डोंगर दिसला. ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, सगळं जमिनीपासून हातभर ठेवून कापलेलं. व्यापाऱ्याची माणसं पेट्रोलवर चालणारा कटर घेऊन येतात. कुऱ्हाडीला जे झाड दिवसभर पुरत असे ते चहा निवायच्या आत आडवं होतं. जाड बुंधे गिरणीला गेले, रायवळ आंबा खोक्यांच्या फळ्यांसाठी गेला, उरलेलं जळण ट्रक भरभरून घाटावर गेलं. वीटभट्ट्या, बॉयलर, कुठे कुठे ते चुलतभावालाही नक्की सांगता आलं नाही. एका मोठ्या बेहड्याचा बुंधा तेवढा रस्त्यापर्यंत ओढता आला नाही म्हणून तिथेच पडून होता.

माझ्या सहीचं हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जंगलतोडीवर लिहिताना वाक्याचा कर्ता 'मानव' ठेवायची आपल्याकडे रीत आहे. मानवाने जंगलं तोडली, मानवाच्या हव्यासाने पर्यावरणाचा ऱ्हास झाला. शाळेतल्या निबंधात ही वाक्यं मीही लिहिली आणि त्यांना गुणही मिळाले. या कर्त्याची मोठी सोय म्हणजे त्याच्यावर समन्स बजावता येत नाही. आमच्या डोंगराच्या बाबतीत मात्र मला कर्ते नावानिशी माहीत आहेत आणि त्यांत एक मी आहे. हव्यास म्हणाल तर तोही नव्हता. एवढ्याशा रकमेचा कोण हव्यास धरेल? खरी गोष्ट अशी की त्या रानाशी माझं काहीही उरलं नव्हतं. तिथलं पाणी मी पीत नव्हतो, तिथली गुरं माझी नव्हती, त्या डोंगराखाली मी झोपत नव्हतो. उरला होता तो सातबाऱ्यावरचा हक्क, आणि अशा हक्काचं माणूस करणार काय? विकणार.

रान तुटतं ते असं. कटर अगदी शेवटी येतो. त्याच्या कितीतरी आधी रानाचा मालक आणि रानाजवळ राहणारा माणूस यांची फारकत झालेली असते. विदर्भात ती सरकारने केली, कोकणात खासगी मालकीने. दोन्हीकडचा शेवट सारखाच होतो, म्हणून दोन्हीकडे काय घडलं ते पाहायला हवं.

त्याआधी एका जुन्या आरोपीची सुटका करू. जंगल गरिबाने तोडलं, डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या आदिवासी बाईने तोडलं, ही समजूत शिकलेल्या माणसांत घट्ट बसली आहे. रस्त्याकडेला ती बाई दिसते, आणि रात्री ताडपत्री टाकून जाणारा ट्रक दिसत नाही, एवढंच त्या समजुतीला कारण. मोळीत बहुतेक वाळक्या फांद्या असतात. कोकणातला शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, त्यासाठी ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या दरवर्षी सवळायचा. डोंगर त्याने बोडके दिसायचे हे खरं, आणि राबाचं कौतुक करत बसण्यात अर्थ नाही. पण पुढच्या वर्षी टहाळ पाहिजे म्हणून बुंध्याला तो हात लावत नसे. आज राब भाजणारे थोडे उरलेत आणि बुंधेही थोडेच उरलेत. आरोपी सुधारला, पण गुन्हा थांबला नाही.

आता सरकारी बाजू. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन याची जंगलांचा संरक्षक म्हणून नेमणूक झाली. हा पेशाने डॉक्टर. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा कारभार पाहायचा. कोकणातली झाडी तुटतेय आणि तिच्यामागोमाग झरे आटताहेत, हे तो वरिष्ठांना कळवत होता. म्हणजे आपल्याकडे जंगल खात्याचा जन्म झाला तेव्हा झाड आणि पाणी यांचा संबंध सरकारदफ्तरी नोंदलेला होता. पण सहाच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि जंगलाकडे पाहायची नजरच बदलली. रुळांच्या एका मैलाला पावणेदोन ते दोन हजार लाकडी स्लीपर लागायचे. ते दहा-बारा वर्षांत कुजायचे, की पुन्हा तेवढेच. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट १८६५ मध्ये खुला झाला. त्याच १८६५ साली पहिला वन कायदा झाला हा योगायोग नव्हता. लाकूड लागत होतं आणि ते मिळत राहील अशी हमी लागत होती.

१८७८ च्या कायद्याने ती हमी पक्की केली. जंगलाचे तीन वर्ग केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. पहिल्या दोहोंवर सरकारचा हात, तिसरा गावाचा. ग्रामवनाचं कलम पुढे १९२७ च्या कायद्यातही राहिलं आणि बहुतेक ठिकाणी छापील कलम म्हणूनच राहिलं. काल ज्या रानातून गवत, हिरडा, वासे आणि औत करायला लाकूड यायचं, त्यातून आज गवताचा भारा आणला तर तो गुन्हा. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा शेतकऱ्याच्या दैन्याच्या कारणांत जंगल खातं मोजलं होतं. आपले अभ्यासक्रम फुल्यांना शिक्षणाच्या धड्यात बसवतात आणि हे पान उलटून जातात.

लोक गप्प बसले नाहीत. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची लाट आली तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि सह्याद्रीच्या खेड्यांत समुद्राऐवजी जंगल होतं. पुसदजवळ लोकनायक अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. सांगलीकडे बिळाशीला उठाव झाला. उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला, माणसं मेली. आज चिरनेरला स्मारक आहे आणि तिथे दरवर्षी स्वातंत्र्याची भाषणं होतात. तिथले आगरी-कातकरी लोक ज्यासाठी उभे राहिले ते गवत आणि लाकूड मात्र भाषणांत क्वचित येतं.

स्वातंत्र्यानंतर मालक तोच राहिला, फक्त गिऱ्हाईक बदललं. रेल्वेच्या जागी कागद कारखाना, धरण, खाण. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी नोंदवलेली उत्तर कन्नड जिल्ह्यातली गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे, कारण ते जंगल सिंधुदुर्गापासून फार लांब नाही. पन्नासच्या दशकात तिथल्या कागद कारखान्याला सरकारने बांबू दिला तो टनाला दीड रुपया दराने. सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरडाला तोच बांबू बाजारभावाने विकत घ्यावा लागायचा. दीड रुपयात मिळणाऱ्या वस्तूची काटकसर कोणता व्यवस्थापक करेल? काही वर्षांत बांबूची बेटं संपली आणि दोष गावकऱ्यांच्या चराईवर गेला. गंमत म्हणजे कायद्याच्या लेखी बांबू हे 'झाड' होतं. वनस्पतिशास्त्रात ते गवत, पण गवत म्हटलं की त्यावरचा खात्याचा ताबा सैल झाला असता. जंगलाबाहेरच्या बांबूला झाडांच्या व्याख्येतून वगळायला २०१७ साल उजाडावं लागलं.

इथे खात्याच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हा लेख फिर्यादीचा अर्ज होईल. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला आणि जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची परवानगी लागू लागली. त्याआधीच्या तीस वर्षांत देशात दरवर्षी सरासरी दीड लाख हेक्टरच्या घरात जंगल वळतं होत असे. नंतर हा आकडा खूपच खाली आला. राखीव जंगलाचा शिक्का नसता तर आज मेळघाटात आणि ताडोबात काय उरलं असतं याची कल्पना करून पाहा. पहारेकऱ्याने चोर अडवले हे मान्यच आहे. पण घरातल्यांनाही त्याने चोरांच्या यादीत घातलं, आणि घरधन्याने स्वतः हुकूम दिला की दारही त्यानेच उघडून दिलं.

दार उघडायच्या युक्त्याही आता सुधारल्या आहेत. आता जंगल तोडायच्या आधी ते जंगल नव्हतंच असं सिद्ध करता येतं. मुंबईत ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे कॉलनीबद्दल न्यायालयात चाललेला वाद झाडांच्या संख्येइतकाच एका शब्दाचाही होता: आरे हे 'वन' आहे की नाही? ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडच्या जागेवर कटर सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. पुढच्या वर्षी सरकारने आरेचाच काही भाग राखीव वन करायचं ठरवलं. वर्षभरात बिबटे तेच होते आणि उंबरही तेच. बदललं ते सरकार आणि व्याख्या.

या व्याख्येचं दुसरं टोक आकडेवारीत आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी अहवाल काढते. एक हेक्टरहून मोठा तुकडा आणि त्यावर दहा टक्क्यांहून अधिक छत्र, एवढं उपग्रहाला दिसलं की ते 'वनाच्छादन'. मालकी कोणाची, झाड कोणतं, हे प्रश्न विचारायचे नाहीत. आंब्याची बाग चालते, काजू चालतो, रबर चालतं. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर आहे, राज्याच्या साडेसोळा टक्के, आणि आधीच्या अहवालापेक्षा वीस चौरस किलोमीटरने जास्त. पण या पन्नास हजारांत अतिदाट जंगल ८,७३४ आहे आणि विरळ २१,४७५. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे या हिशेबात निम्म्याहून अधिक हिरवे जिल्हे आहेत. आमचा डोंगर तुटला त्या वर्षी जिल्ह्याचा आकडा हलला नसेल, कारण शेजारच्या डोंगरावर कोणीतरी काजूची कलमं लावली होती आणि ती तेवढ्यात छत्र धरण्याजोगी झाली असतील.

असा आकडा हाताशी असला की भरपाई सोपी होते. जंगल घेतलंत? दुसरीकडे लावा. ग्रेट निकोबारच्या प्रकल्पात सुमारे १३० चौरस किलोमीटर सदाहरित जंगल जायचं आहे आणि त्याच्या भरपाईची लागवड हरियाणात करायचं ठरलं. बंगालच्या उपसागरातलं पावसाळी जंगल आणि अरवलीच्या पायथ्याचं रूक्ष रान यांची अदलाबदल होऊ शकते हे ज्याला सुचलं त्याला झाड म्हणजे खांबावरची हिरवी टोपी वाटत असली पाहिजे. महाराष्ट्राने तर १ जुलै २०१६ ला दोन कोटी झाडं लावली, मग चार कोटी, मग तेरा, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. पुढे विधिमंडळाची चौकशी समिती नेमावी लागली. किती जगली हा प्रश्न महत्त्वाचाच, पण माझा प्रश्न वेगळा आहे: सगळीच्या सगळी जगली असती तरी आमच्या बेहड्याच्या जागी काय आलं असतं?

त्या पडलेल्या बेहड्याच्या बुंध्यात, साधारण दोन पुरुष उंचीवर येईल अशा जागी, एक ढोली होती. धनेशाची मादी अशा ढोलीत शिरते, मातीने आणि विष्ठेने दार लिंपून घेते आणि तीन-चार महिने आत बसते. चिरेएवढ्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांना उंबर-वडाची फळं भरवतो. आमच्या ढोलीत धनेश होता की नाही मला माहीत नाही. कधी पाहायला गेलोच नव्हतो. पण तशी ढोली व्हायला झाड आधी शंभरेक वर्षं वाढावं लागतं आणि मग आतून थोडं कुजावं लागतं. नर्सरीच्या काळ्या पिशवीतून ढोली लावता येत नाही. आणि धनेश गेला की जाड बियांची फळं दूरवर नेऊन टाकणाराही गेला, म्हणजे पुढचं रान पेरणारा गेला.

तोडीच्या परिणामांत लोकांना सगळ्यात आधी टोचतं ते पाणी. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर येतो. झाडं नसली की पाऊस पडत नाही असं आपण पोरांना शिकवतो. स्थानिक पावसाच्या बाबतीत ते सरधोपट आहे. मोसमी वारा समुद्रावरून येतो, सह्याद्रीला आपटतो आणि आमचा डोंगर बोडका असला तरी त्यावर कोसळतोच. बदलतं ते पुढचं. दाट रानात थेंब पानावर, मग पाचोळ्यावर पडतो, मुळांनी सैल केलेल्या मातीत मुरतो, जांभ्याच्या भेगांतून उतरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी खालच्या वहाळात झरा होऊन निघतो. बोडक्या उतारावर तो माती घेऊन थेट खाली येतो. वाडीच्या वरच्या अंगाला आमचा एक पऱ्या होता, आजी त्याला बारमाही म्हणायची. आता तो दिवाळीनंतर महिनाभर टिकतो. एकट्या तोडीनेच तो आटला असं मी म्हणणार नाही. खालच्या बाजूला दोन बोअरवेलही झाल्या आहेत.

दरडीचंही असंच आहे. घाईने एक कारण सांगितलं की खोटं ठरायची भीती. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं मेली. २०२१ मध्ये महाडजवळ तळिये, २०२३ मध्ये खालापुरात इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणचा उतार वेगळा, खडक वेगळा, आणि प्रत्येक वेळी अफाट पाऊस. माळीणला उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाची चर्चा झाली. झाड एकटंच डोंगर धरून ठेवतं असं भूगर्भशास्त्र म्हणत नाही. पण उताराची वरची माती मुळांनी शिवलेली असते आणि ती शिवण उसवायला वेळ लागतो, हे कळल्यापासून मला पावसाळ्यात गावच्या फोनची धास्ती वाटते. तोड झाली की मेलेली मुळंही काही वर्षं माती धरून राहतात. मग ती कुजतात, आणि तोवर नव्या मुळांनी जागा घेतलेली नसते. म्हणजे डोंगर तुटल्याच्या पहिल्या-दुसऱ्या पावसात काही होत नाही, सगळे म्हणतात काही झालं नाही, आणि धोक्याची वर्षं नंतर सुरू होतात. आमच्या डोंगराची ती वर्षं आता चालू आहेत. डोंगराखाली कुळांची वाडी आहे. सातबाऱ्यावरच्या सत्तावीस नावांत वाडीतलं एकही नाव नाही.

या मुद्द्यावर मी अडतो, आणि कोकणाबद्दल जो युक्तिवाद नेहमी केला जातो तोही इथेच अडतो. बाजारवादी मित्र म्हणतात, सरकारचं जंगल बेवारशी असतं म्हणून लुटलं जातं. ज्याच्या मालकीचं त्याच्याकडे द्या, तो जपेल. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावालाच आहे. जवळजवळ सगळं रान खासगी. मग तिथे जपणूक व्हायला हवी होती. झाली ती दर दहा-बारा वर्षांनी विक्री. कारण मालक मुंबईला, ठाण्याला, पुण्याला, जमीन सामाईक, वाटणी झालेली नाही, आणि रान उभं ठेवल्याबद्दल पै मिळत नाही. झरा खालच्या वाडीला, धनेश पक्षिनिरीक्षकांना, स्वच्छ हवा सगळ्यांना. मालकाला फक्त शेतसाऱ्याची पावती. पैसे मिळतात ते एकाच दिवशी, ज्या दिवशी व्यापारी येतो त्या दिवशी. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात ऐन, किंजळ, आंबा, जांभूळ यांसह सोळा झाडं अनुसूचित आहेत, परवानगी लागते, आणि मोडल्यास दंड हजार रुपयांपर्यंत ठेवलेला होता. हजार रुपये १९६४ मध्ये जरब बसवणारे असतील. आमचा डोंगर तुटला तेव्हा व्यापारी तो दंड डिझेलच्या खर्चात धरायचा.

मालक आणि रानाजवळ राहणारा यांच्यातल्या याच फटीवर गाडगीळ समितीने २०११ मध्ये बोट ठेवलं होतं. पश्चिम घाटाची संवेदनशीलतेनुसार विभागणी करा आणि कुठे काय चालेल ते ग्रामसभांना विचारून ठरवा, असं त्या अहवालाचं म्हणणं. कोकणात तो अहवाल वाचण्याआधीच त्याला विरोध झाला. घरावर कौलं घालायलाही परवानगी लागणार, अशी हूल उठली होती. पाठोपाठ २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समिती आली, तिने क्षेत्र कमी केलं, ग्रामसभेचा आग्रहही सोडला. तेव्हापासून केंद्र सरकार अधिसूचनेचे मसुदे काढतं आहे. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. आदल्या पहाटे वायनाडमध्ये डोंगर कोसळून शेकडो माणसं गाडली गेली होती. माळीणला त्या ३० जुलैला बरोबर दहा वर्षं झाली होती.

मग रान टिकलं कुठे? सह्याद्रीत फिरणारा कोणीही सांगेल, देवराईत. सत्तरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ देवराया मोजत हिंडले तेव्हाची श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाची हकीकत आहे. तिथल्या काळकाईच्या देवराईवर तोडीचा घण पडायचा होता आणि गावकऱ्यांनी या दोघांची मदत मागितली ती पाण्यासाठी. आजूबाजूचं रान गेल्यावर देवराईतला ओहोळच तेवढा वाहता राहिला होता. देवीची भीती होतीच. पण देवीच्या भीतीआड पाण्याचा रोकडा हिशेब होता, आणि हिशेब करणारे लोक ओहोळाच्या काठी राहत होते.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने देवीशिवाय हेच केलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हातात असूनही बांबू विकायला वाहतूक परवाना लागत होता आणि तो वनखातं देईना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका पुस्तकासाठी मंत्र्याला दिल्लीहून यावं लागलं, यावरून पहारेकऱ्याची पकड किती घट्ट होती ते कळतं. बांबूच्या पैशातून गावाने मजुरी दिली, कुठला कूप कधी तोडायचा ते ठरवलं, काही भाग अजिबात तोडायचा नाही तेही ठरवलं. तोडणं आणि न तोडणं दोन्ही एकाच बैठकीत ठरू लागलं, हा त्यातला माझ्या मते मोठा फरक. पुढे मेंढ्याने आपल्या खासगी जमिनीही ग्रामदानात टाकल्या.

लगेच हुरळून जायला नको. देवराया तुटल्या आहेत, आणि गावानेच तोडल्या आहेत, बहुतेकदा देवळाला सिमेंटचा सभामंडप बांधायला. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले, सगळीकडे मेंढा झालेला नाही. कुठे तेंदूच्या पैशावरून भांडणं लागली, कुठे ठेकेदार ग्रामसभेच्या नावाने कारभार करतो. आणि एटापल्लीच्या डोंगरात लोहखनिज सापडलं की ग्रामसभेचा ठराव किती जड ठरतो हे सुरजागडच्या लोकांना विचारावं. गाव म्हणजे देवदूतांची वस्ती नव्हे. फक्त चुकीची किंमत चुकणाऱ्यालाच मोजावी लागते, त्यामुळे चूक सुधारायची निकड गावात असते. पुण्यात बसून सही करणाऱ्याला ती नसते. मंत्रालयात बसणाऱ्यालाही नसते.

कोकणात मेंढा कसा करायचा, हा प्रश्न मला कोणी सोडवून दिलेला नाही. रत्नागिरीकडे वनहक्क कायदा फारसा लागत नाही, कारण जंगल सरकारचं जवळजवळ नाहीच. सत्तावीस जणांची मालकी गावाच्या हवाली करायची म्हणजे आधी ते सत्तावीस जण सापडायला हवेत. एक बारीकशी वाट दिसते: रान राखण्याचे पैसे दरवर्षी द्यायचे, आणि ते मालकाबरोबर खालच्या वाडीलाही द्यायचे. ज्यांना पाणी मिळतं त्या शहरांनी आणि धरणांनी ते द्यावेत, वीजबिलात इतके आकार असतात तसा एक आकार. रक्कम व्यापाऱ्याच्या उक्त्या भावाला बारा वर्षांनी भागून जी येईल तिच्यापेक्षा थोडी जास्त असली तरी चालेल. आमच्या बाबतीत ती माणशी इतकी थोडी येते की सांगायला लाज वाटते. एवढ्या स्वस्तात डोंगर गेला.

तोडलेल्या ऐन-किंजळाला फुटवे येतात, हे झाडाचं चांगलं आणि व्यापाऱ्याच्याही ते ध्यानात असतं. आमच्या डोंगरावर आता डोक्याहून उंच फुटवे आहेत. आणखी चार-पाच वर्षांनी ते मनगटाहून जाड होतील आणि फोन येईल. या वेळी त्याच्या आधी आपण काहीतरी लिहून ठेवावं, सगळ्यांनी मिळून एक करार करावा, वाडीतल्या लोकांना त्यात घ्यावं, असं चुलतभावाशी बोललो. तो म्हणाला, "दादा, तोडायला व्यापाऱ्याने अकरा सह्यांवर भागवलं होतं. बाकीच्यांच्या पुढे अंगठेच आहेत, ते कोणाचे ते विचारू नकोस. पण न तोडायचं असेल तर वकील म्हणतो सगळ्या सत्तावीस पाहिजेत." तेव्हापासून मी वहीत यादी करतो आहे. नऊ जण वारलेले आहेत, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. दोघी आत्यांची सासरची गावं कळली. एक जण डोंबिवलीत असल्याचं समजतं. एका नावाला आमच्यातलं कोणीच ओळखत नाही.